टाच आधी सुटते

रविवार, १२ जानेवारी २०२५

उशीर झाला. रागावू नको. पोराने, सम्यकने, ऑफिसातून ही डायरी आणून दिली तेव्हा पहिल्या पानावर नाव घातलं — धोंडिराम, मानखुर्द — आणि पुढची सगळी पानं कोरी सोडली. सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याला रोज काय सुचणार? लिहिण्यासारखं काही नव्हतंही. आज आहे. 

बाळाने मला काढलं.

ज्युदोचा क्लास सुटल्यावर, सगळ्यांसमोर, बाटलीतलं पाणी पिता पिता बोलला. "यंदा अण्णांच्या दिवसाला काता मी सुगंधाबरोबर करतो. धोंड्या, तू यंदा आरामात बस." आरामात! जसं काही मी बसायची जागा मागितली होती.

काता म्हणजे ज्युदोतले ठरलेले डाव, ठरलेल्या क्रमाने, दोघांनी मिळून करायचे. जिंकणं-हरणं नाही. एक टाकणारा, एक पडणारा. बाळा टाकतो, मी पडतो. आमचे गुरू अण्णा यांनी चेंबूरच्या या हॉलमध्ये आम्हाला एकत्र उभं केलं तेव्हा बाळाला मिशी फुटली नव्हती आणि मी पालिकेच्या कचरागाडीवर नवा लागलो होतो. देवनारच्या डम्पिंगवरून थेट क्लासला यायचो. आंघोळ केली तरी वास जायचा नाही. माझ्याशी जोडी करायला कुणी पुढे येईना. बाळा आला. म्हणाला, "माझं नाक लहानपणापासून बंद आहे रे, ये."

तेव्हापासून आम्ही दोघे. अण्णा गेल्यापासून दर मार्चच्या पहिल्या रविवारी त्यांच्या फोटोसमोर पहिला काता आमचाच. लोक नावसुद्धा एका दमात घेतात — बाळा-धोंडी. आता काय म्हणतील?

मी नुसतं "बरं" म्हणालो. घरी येऊन बीपी मोजलं. मग परत मोजलं.

मंगळवार, १४ जानेवारी

सुगंधाने तिळगूळ दिला. घेतला. खाल्ला. बोललो नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

कोण ही सुगंधा? चेंबूरच्या बाजारात मासे विकते. नात रुचिरा हिला क्लासला सोडायला यायची आणि भिंतीला टेकून बसायची. बसून बसून कंटाळली आणि एक दिवस पदर खोचून उभी राहिली — "माका पण पडूक शिकवा!" सगळ्यांना गंमत वाटली. मलाही वाटली. तेव्हाच कळायला हवं होतं. साठीला आलेली बाई, अंगाने भक्कम, पण काता तिने धडाधड पाठ केला.

बाळाच्या गावच्या शेजारचीच ती, मालवणकडची. दोघे मालवणीत बोलतात. मी फलटणकडचा. मला निम्मं कळतं. जे कळत नाही त्याच्यावरच ते दोघे जास्त हसतात!

आज डब्यात माशांचं तिखलं आणलं होतं तिने, बाळासाठी. बाळाने बोटं चाटली. माझ्या बायकोच्या, शकुच्या हातची भाकरी आणि ठेचा या माणसाने इतकी वर्षं खाल्ला. बोटं चाटल्याचं मला आठवत नाही.

रविवार, १९ जानेवारी

अण्णांची एक पद्धत होती. काता सुरू करायच्या आधी टाकणाऱ्याचा पट्टा पडणाऱ्याने बांधायचा. का, विचारलं तर म्हणायचे, "हवेत तू जाणार आहेस, मग गाठ तू बघून घे." दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये असं करत नाहीत. आमच्यात करतात.

आज बाळाचा पट्टा तिने बांधला.

मी भिंतीशी. गुडघे धरून. गाठ सैल पडली होती, मला इथून दिसत होतं. बाळाच्या पोटाचा घेर आधी डावीकडून ओढून घ्यावा लागतो, हे तिला कुठून माहीत असणार? राहवलं नाही. ओरडलो, "गाठ सैल आहे!"

क्लास चालवणारी दीप्ती म्हणाली, "काका, शांत बसा ना प्लीज, मुली बघतायत."

आणि बाळा — "काय रे धोंड्या, सासू झालास काय?"

सगळे हसले. ती रुचिरा, एवढीशी पोर, तीसुद्धा! मी चपला घातल्या आणि निघालो. बसमध्ये आठवलं, पाण्याची बाटली हॉलमध्येच राहिली. परत गेलो नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

बिल्डिंगची लिफ्ट बंद. बाळा जन्मभर लिफ्टदुरुस्तीच्या कामात होता. आमची लिफ्ट बंद पडली की मी फोन करायचो आणि तो पान्हा घेऊन यायचा. या वेळी केला नाही. पाच मजले चढलो. तिसऱ्यावर बसलो, नाडी बघितली, मग उरलेले चढलो.

शकु दारातच. "भावजींना फोन करा."

"नाही."

"काय हो लहान पोरासारखं!"

सोसायटीने माणूस बोलावलाय म्हणे. तो कधी यायचा!

शनिवार, २५ जानेवारी

छातीत डावीकडे काहीतरी. शकुला सांगितलं नाही. गॅस असेल. गॅसच होता.

रविवार, २ फेब्रुवारी

तुला एक सांगतो. हे कुणाला माहीत नाही, शकुलाही नाही.

बाळा लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. त्याच वर्षी माझी अँजिओ झाली, स्टेंट बसली. पुढे दोघेही मॅटवर परत आलो. पहिल्या डावाला बाळा एका गुडघ्यावर बसतो, माझी बाही धरून खाली ओढतो, आणि मी हवेत उलटा होऊन पाठीवर पडतो. तर त्या दिवशी त्याने ओढलं आणि मला समजलं — ओढच नाही. पोराने पदर धरावा तेवढा जोर. माणसाचा खांदा गेला होता. आता याला सगळ्यांसमोर खाली बघायला लावू? मी उडी मारली. आपली आपण. पडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून मी उडीच मारतो. दर वर्षी! "या वयात काय ताकद आहे बाळाकाकांची" — ही ताकद माझी! आणि त्याची परतफेड काय, तर आरामात बस.

हे आज का लिहितोय? आज क्लासला गेलो नाही, पण हॉलच्या मागे जाऊन उभा राहिलो. खिडकीतून डोकी दिसतात, मॅट दिसत नाही. पण ऐकू येतं.

धप्प!

काचा हादरल्या. असा आवाज मी अण्णांच्या वेळी ऐकला होता, बाळा तरुण असताना. आम्ही दोघे करतो तेव्हा नुसतं थप्प होतं. थोडा वेळ गेला आणि परत — धप्प! आणि बाळाचं हसणं.

मी तिथेच उभा राहून विचार केला. बाळाचा खांदा तर गेलेला. मग एवढ्या जोरात ती पडते कशी? म्हणजे तीही उडी मारते! माझ्यापेक्षा उंच मारते! माझी उडी चोरली बाईने.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाजारात गेलो. बांगड्यांचं निमित्त.

सुगंधाबाई पाटावर बसून कोयत्याने सुरमई कापत होती. "येवा धोंडीदादा! क्लासाक येत नाय तुमी?"

मी आजूबाजूला बघितलं. हळू आवाजात म्हणालो, "बाई, एक सांगायला आलो. पहिल्या डावाची उडी जरा उशिरा मारा. लवकर मारली तर बघणाऱ्याला कळतं."

"कसली उडी?"

"आता बाळाचा खांदा गेलाय, तर आपल्यालाच मारावी लागते ना. मी समजू शकतो. मीही—"

ती अशी हसली की शेजारच्या कोळणीने मान वर केली. "अगो बाय! मी उडी मारतंय? ह्या अंगान? बाळा टाकता माका! दोन दिस पाठ धरता माजी!"

मग हसायची थांबली. कोयता तसाच हातात. माझ्याकडे बघत राहिली.

"दादा, तुमी उडी मारतास?"

मी पिशवी पुढे केली. "बांगडे द्या."

तिने दोन जास्त घातले. दया करून घातले, एवढं मला कळतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

शकु बांगडे तळत होती. मी मागे उभा राहून बोलत सुटलो. बाळाने मला फसवलं! खांद्याला काही झालेलं नाही! त्या बाईला उचलून आपटतो, आणि मला नुसता हात लावायचा! मी मूर्ख म्हणून उड्या मारत बसलो!

शकुने गॅस बारीक केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचा उजवा खांदा कधीच बरा झाला. डावा अधूनमधून दुखतो."

"तुला काय माहीत?"

"मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय सांगितलं होतंस?"

"तुम्ही आयसीयूत होतात. डॉक्टर म्हणाले, उड्या-बिड्या आता बंद. मी भावजींना बाहेर बाकड्यावर बसवलं. म्हटलं, त्यांना क्लासला येऊ नका असं म्हणू नका, घरात बसून ते आधी मरतील. येऊ दे. पण टाकू नका त्यांना. नुसतं टाकल्यासारखं करा."

बांगडा करपायला लागला. दोघांपैकी कुणी उलटला नाही.

म्हणजे तो ओढत नव्हता, आणि मी उडी मारत होतो. इतकी वर्षं कुणी टाकलं नाही आणि कुणी पडलं नाही. अण्णांच्या फोटोसमोर!

शकुला नको ते बोललो. तिला मॅटवरचं काय कळतं, तिने मध्ये का पडावं, मला विचारलं का. तीही ऐकणारी नाही — "पाच मजले चढताना तिसऱ्यावर बसता, आणि मला विचारता!"

जेवलो नाही. ती जेवली.

रविवार, ९ फेब्रुवारी

क्लास सुटेपर्यंत बाहेर टपरीवर थांबलो. बाळा आला. दोन कटिंग सांगितले, न विचारता माझा बिनसाखरेचा.

मी सरळ विचारलं, "तू मला टाकत का नव्हतास?"

"वहिनी बोलली तर शेवटी! बरं झालं. पोटात ठेवून ठेवून मला ॲसिडिटी झाली होती."

"आणि मी उडी मारायचो ते?"

"मग, मला कळत नाही? तुझी टाच आधी सुटते रे. मी बाही धरायच्या आत तू निम्म्यात पोचलेला."

"बोलायचं ना मग!"

"काय बोलू? मी ओढत नाही, तू उडी मारतोस. झकास चाललं होतं. लोक टाळ्या देत होते."

मला हसू आलं नाही. "मग तिला कशाला घेतलंस?"

त्याने ग्लास खाली ठेवला. हाताची बोटं उघडली, मिटली. "एकदा खरं टाकायचं होतं रे. हात विसरत चाललेत. तुला टाकला आणि तू उठला नाहीस, तर वहिनीसमोर कुठल्या तोंडाने जाऊ? सुगंधा उठते. तिची भीती वाटत नाही."

"मला टाक. आत्ता. चल आत."

"वहिनीला विचार आधी."

"मी काय शाळेत आहे?"

"तू नाहीस. पण मी शब्द दिलाय."

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. शकु म्हणते, किती जपतात भावजी तुम्हाला. जपतात! कपाटातला काचेचा सेटही जपतात. त्यातून चहा कुणी पीत नाही. खरं ते सुगंधाच्या वाट्याला. माझ्या वाट्याला काळजी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

लिफ्ट सुरू झाली. बाळाने केली म्हणे. मी घरी नसताना येऊन गेला.

रविवार, २ मार्च

अण्णांचा दिवस. जायचं नव्हतं. शकुने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, गेलो. ती पण आली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

फोटोला हार घातला. दीप्तीने नावं घेतली — बाळा आणि सुगंधा. ऐकायला कसंतरीच वाटलं. दोन वेगवेगळ्या माणसांची नावं वाटली.

सुगंधाबाईने पट्टा बांधला. आधी डावीकडून ओढून घेतला! मग मान वळवली, गर्दीत मला शोधलं आणि गाठीवर बोट ठेवून भुवया उडवल्या — बरी हा ना? सगळ्यांसमोर. मी मान हलवली. काय करणार? गाठ चांगली होती.

पहिला डाव. बाळा गुडघ्यावर बसला, ओढलं — धप्प! डावीकडून परत — धप्प! टाळ्या. माझे हात मांडीवरच. दुसरा डाव खांद्यावरचा. ती बुक्की उगारून येते, तो वळून तिला खांद्यावर घेतो आणि पुढे टाकतो. उजवीकडून छान गेला. मग डावीकडून. ती आली, तो वळला, घेतली — आणि अडकला. डावा खांदा! ती त्याच्या पाठीवर तशीच, पाय जमिनीपासून जरासे वर.

आता मार ना उडी! जरासाच हिसका हवा होता. एवढ्याने कुणाला कळलं नसतं. माझी टाच खुर्चीखाली आपोआप उचलली गेली. शकुने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिलाही ती टाच दिसली होती.

बाईने उडी मारली नाही. बाळाने तिला हळूच खाली ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा दमला." दोघे समोरासमोर उभे राहिले, वाकून नमस्कार केला. आणि बाळा हसला! दात दिसेपर्यंत. ती पण. डाव फसला होता आणि दोघे हसत होते.

आमचा इतक्या वर्षांत एकही डाव फसला नाही. आणि बाळा एकदाही असा हसला नाही.

जळलो मी. टाकलेल्या डावांवर नाही. त्या एका फसलेल्या डावावर.

रिक्षातून शकु बिल्डिंगच्या दाराशी उतरताना म्हणाली, "तुमच्याबरोबर असे हसत नाहीत भावजी." लिफ्टमध्ये मी आकड्यांकडे बघत राहिलो.

मंगळवार, ११ मार्च

बाळा शिमग्याला गावी गेला. दर वर्षी जातो, आठवड्याने येतो. या वेळी सुगंधाबाई म्हणाली, "तो आता थंयच रवतलो, दादा. घर बांधल्यान. तुमका नाय सांगल्यान?"

नाही सांगितलं. माझ्या छातीला सगळे घाबरतात.

म्हणून त्याला यंदा खरं टाकायचं होतं! जाण्याआधी. आणि त्यासाठी मी नाही. फोन लावला. लागत नाही. त्याच्या वाडीत रेंज नाही, देवळामागच्या टेकडीवर चढलं तरच मिळते.

तिने पिशवीतून त्याचा पट्टा काढून दिला. "ह्यो तुमच्याकडे ठेवूक सांगल्यान." घरी आणून उशाशी ठेवला. बाळाच्या घामाचा वास आहे. आणि थोडा मासळीचा.

बुधवार, १९ मार्च

शकु आज एकटीच दवाखान्यात जाऊन आली. कशाला, सांगत नाही. माझे जुने रिपोर्ट घेऊन गेली होती. मला काय झालंय? काहीतरी लपवतात. दिवसभर बोटावर ते ऑक्सिजनचं लावून बसलो.

गुरुवार, २७ मार्च

बाळा, आजपासून तुलाच लिहितो. हे पान सम्यक फोटो काढून मोबाईलवर पाठवेल.

आज मला सुगंधाबाईने टाकलं. शकु स्वतः मला क्लासला घेऊन आली. डॉक्टरला विचारून आली होती ती — तो म्हणाला, हळूहळू करू द्या, दम लागला की थांबवा. ती सुगंधाबाईच्या जुन्या जागेवर, भिंतीशी बसली, पदराचं टोक तोंडात धरून. मी टाच मॅटला चिकटवून उभा राहिलो. बाईने ओढलं. मी काहीच केलं नाही, बाळा. काहीच नाही. गेलो.

धप्प!

तो आवाज माझा होता. शकु धडपडत उठली, त्याच्या आधी मी उठलो.

बाई टाकते चांगलं. पण तिचा पट्टा बांधताना हात चुकला माझा, तुझ्या पोटाचा अंदाज धरून बांधला. सगळे हसले. मीही.

चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात वस्तीत काता ठेवलाय. पडणारा धोंडिराम, एवढंच फळ्यावर लिहिलंय. टाकणाऱ्याची जागा कोरी. तुझी वहिनी म्हणते, शब्दातून सोडलं भावजींना. डावा खांदा अडकला तर अडकू दे, मी उडी मारणार नाही. टेकडीवर चढ आणि कळव रे. लवकर कळव.